पापुद्रा एका अणूचा

रायपूरच्या पुरानी बस्तीत महामाया मंदिराकडून दूधाधारी मठाच्या दिशेने चालत निघाले, की वाटेत कुठेतरी एखाद्या जुन्या घराची डागडुजी चाललेली दिसते. चौकटीचे लाकूड बदलणारा सुतार कानामागे खोचलेली चपटी पेन्सिल काढतो, फळीवर गुण्या ठेवून रेघ ओढतो आणि पेन्सिल पुन्हा कानामागे ठेवून देतो. हे दृश्य आपण इतक्या वेळा पाहिलेले असते, की त्या रेघेत विचार करण्यासारखे काही असेल असे मनात येत नाही. रेघ उमटते म्हणजे नेमके काय होते, हा प्रश्न मात्र विचारून पाहण्यासारखा आहे.

मराठीत आपण या वस्तूला शिसपेन्सिल म्हणतो. हे नाव फसवे आहे, कारण तिच्यात शिसे मुळीच नसते. पेन्सिलीच्या पोटातील काळी कांडी ग्रॅफाइट आणि चिकणमाती यांच्या मिश्रणाची असते. ग्रॅफाइट हे कार्बनचे एक रूप. कोळसा आणि हिरा हे त्याचेच भाऊबंद. रायपूरहून महासमुंदमार्गे जाणारा लोहमार्ग ओडिशातील टिटलागढला पोचतो. त्या बलांगीर जिल्ह्यात ग्रॅफाइटच्या खाणी आहेत. खाणीतून निघालेला हा दगड हाताला मऊ आणि किंचित तेलकट लागतो व बोटांवर चकचकीत काळा डाग ठेवून जातो.

दगड असूनही तो मऊ का, याचे उत्तर त्याच्या रचनेत आहे. ग्रॅफाइटमधील कार्बनचे अणू मधमाश्यांच्या पोळ्यासारख्या षटकोनी जाळीत बसलेले असतात. अशी एक सपाट जाळी, तिच्यावर दुसरी, तिच्यावर तिसरी, अशी ही रचना असते. एकाच जाळीतील अणू एकमेकांना अतिशय घट्ट धरून असतात, परंतु एका जाळीची दुसऱ्या जाळीवरील पकड फार सैल असते. दिवाळीतील चिरोटा आठवा. त्याचा प्रत्येक पापुद्रा सलग असतो, पण दोन पापुद्रे बोटाच्या हलक्या दाबानेही सुटे होतात. पेन्सिलीने रेघ ओढताना हेच घडते. ग्रॅफाइटचे पापुद्रे सुटतात आणि कागदावर किंवा फळीवर चिकटून राहतात.

हे पापुद्रे किती पातळ असतात? ग्रॅफाइटच्या दोन लगतच्या थरांतील अंतर ०.३३५ नॅनोमीटर असते. एक नॅनोमीटर म्हणजे एका मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. या हिशेबाने एक मिलिमीटर जाडीच्या ग्रॅफाइटमध्ये सुमारे तीस लाख थर बसतात आणि आपल्या वहीच्या एका पानाच्या जाडीत सुमारे तीन लाख. मिठाईवर लावण्याचा चांदीचा वर्ख आपण पातळपणाची पराकाष्ठा मानतो. तो फुंकरीने उडतो हे खरे, परंतु त्याच्या जाडीतही चांदीच्या अणूंचे शेकडो थर असतात. कारागिराने कितीही कौशल्याने ठोकला, तरी वर्ख एका अणूच्या जाडीपर्यंत पोचत नाही.

मग ग्रॅफाइटचा एकच पापुद्रा वेगळा काढता येईल काय? बराच काळ या प्रश्नाचे उत्तर 'नाही' असेच होते. एका अणूच्या जाडीचा स्फटिक उष्णतेच्या हालचालीने टिकूच शकणार नाही, असा युक्तिवाद सैद्धांतिक भौतिकशास्त्रज्ञांनी १९३० च्या दशकात केला होता. त्यामुळे असा थर कोणी काढून दाखवील याची फारशी अपेक्षा नव्हती.

तो काढला गेला इंग्लंडमधील मँचेस्टर विद्यापीठात, आणि या हकिगतीची सुरुवात एका विद्यार्थ्याच्या फसलेल्या कामाने होते. तेथील प्राध्यापक आंद्रे गाइम यांच्याकडे दा जियांग नावाचा एक विद्यार्थी चीनमधून संशोधनासाठी आला होता. इंग्रजीत बोलणे त्याला सुरुवातीचे काही महिने जड जाणार, हे गाइम यांच्या ध्यानात आले. म्हणून भाषेवाचून अडणार नाही असे एक किरकोळ काम त्यांनी त्याला दिले. ग्रॅफाइटचा एक तुकडा घासण्याच्या यंत्रावर घासून जमेल तितका पातळ कर, असे ते काम होते. काही आठवड्यांनी त्या विद्यार्थ्याने काचेच्या बशीत तळाशी उरलेला एक इवलासा ठिपका आणून दाखवला. सूक्ष्मदर्शकाखाली तो ठिपका अजून फारच जाड निघाला. वाळूचा एक कण मिळवण्यासाठी सारा डोंगर घासायचा काय, असा विनोद तेव्हा झाला. पुढे गाइम यांनी नोबेल व्याख्यानात स्वतःच कबूल केले, की चूक विद्यार्थ्याची नव्हती. त्यांनीच त्याला चुकीच्या प्रकारच्या ग्रॅफाइटचा तुकडा दिला होता. पापुद्रे सहज सुटतील अशा ग्रॅफाइटऐवजी त्याच्या हाती घट्ट दाबलेल्या प्रकाराचा तुकडा पडला होता.

हे बोलणे शेजारी काम करणारे ओलेग श्क्ल्यारेव्स्की यांच्या कानांवर पडले. ते दुसऱ्याच एका सूक्ष्मदर्शकावर काम करीत आणि त्यासाठी ग्रॅफाइटचा पृष्ठभाग स्वच्छ करण्याची त्यांची एक नेहमीची पद्धत होती. ग्रॅफाइटवर साधी चिकटपट्टी दाबायची, ओढून काढायची आणि टाकून द्यायची. वरचा मळका थर पट्टीबरोबर जाई व खाली लख्ख पृष्ठभाग राही. त्यांनी कचऱ्याच्या डब्यातून अशी एक टाकलेली पट्टी काढून दाखवली. तिच्यावर चिकटलेले पापुद्रे त्या घासलेल्या ठिपक्याहून कितीतरी पातळ होते. जगातील अनेक प्रयोगशाळा असा पृष्ठभाग वापरत होत्या आणि पट्ट्या फेकून देत होत्या. त्या कचऱ्याकडे मात्र तोवर कोणी नीट पाहिले नव्हते.

गाइम यांचे तरुण सहकारी कोन्स्टान्टिन नोव्होसेलोव्ह यांनी पुढचे काम हाती घेतले. पट्टी पुन्हा पुन्हा दुमडून उघडत पापुद्रे अधिकाधिक पातळ करीत नेणे, ते सिलिकॉनच्या चकतीवर उतरवणे आणि त्यांतून विद्युतप्रवाह सोडून पाहणे, असे ते काम होते. ऑक्टोबर २००४ मध्ये त्यांचा शोधनिबंध प्रसिद्ध झाला. एका अणूच्या जाडीच्या त्या थराला ग्राफीन असे म्हणतात. २०१० मध्ये गाइम आणि नोव्होसेलोव्ह यांना भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. ज्याचा ठिपका फसला होता त्या दा जियांगचे नाव २००४ च्या शोधनिबंधावर लेखकांमध्ये छापलेले आहे.

येथे एक शंका तुमच्या मनात आली असेल. जी वस्तू एका अणूइतकी पातळ आहे, ती डोळ्यांना दिसली कशी? पावसाळ्यात रस्त्यावरच्या पाण्यात गाडीचे तेल सांडले, की त्यावर रंगीत वलये दिसतात. तेलाच्या वरच्या आणि खालच्या पृष्ठभागांवरून परतणारे प्रकाशकिरण एकमेकांत मिसळतात, म्हणून हे रंग उमटतात. सिलिकॉनच्या चकतीवर सुमारे ३०० नॅनोमीटर जाडीचा काचेसारखा ऑक्साइडचा थर असतो. त्यामुळे ती चकती जांभळट दिसते. तिच्यावर ग्राफीनचा एक थर जरी पडला, तरी त्या रंगात अगदी पुसटसा फरक पडतो आणि सरावलेल्या डोळ्याला तो साध्या सूक्ष्मदर्शकातूनही ओळखता येतो. ऑक्साइडची जाडी थोडी इकडेतिकडे झाली असती, तर ग्राफीन समोर असूनही दिसले नसते. एक थर किती प्रकाश अडवतो, हे २००८ मध्ये मोजले गेले. उत्तर आले २.३ टक्के. त्या शोधनिबंधाचा पहिला लेखक राहुल नायर हा केरळचा तरुण होता व तो त्या वेळी मँचेस्टरमध्ये पीएच.डी. करीत होता.

ग्राफीनच्या मागोमाग इतर पदार्थांचेही पापुद्रे काढले गेले. वंगणात वापरले जाणारे मोलिब्डेनम डायसल्फाइड असेच थरांचे बनलेले असते. षटकोनी बोरॉन नायट्राइड हा ग्रॅफाइटसारखीच जाळी असलेला, पण पारदर्शक आणि वीज न वाहणारा पदार्थ आहे. यातील शेवटच्या पदार्थाला या साऱ्या कामात विशेष मान आहे. ग्राफीन नुसत्या चकतीवर ठेवले, तर खालच्या खडबडीतपणामुळे त्याचे गुण झाकले जातात. बोरॉन नायट्राइडच्या दोन तुकड्यांमध्ये ते ठेवले, तर मऊ गादीवर ठेवल्यासारखे ते सपाट आणि स्वच्छ राहते. यासाठी लागणारे अत्यंत शुद्ध स्फटिक जपानमधील त्सुकुबा येथे ताकाशी तानिगुची आणि केंजी वातानाबे प्रचंड दाबाखाली, फार उच्च तापमानात तयार करतात आणि जगभरच्या प्रयोगशाळांना पाठवतात. त्यामुळे या विषयावरील असंख्य शोधनिबंधांच्या लेखकांत या दोघांची नावे आढळतात.

आता खऱ्या कामाकडे वळू. हे काम सामान्यतः पीएच.डी.चे विद्यार्थी करतात, आणि त्यातला बराचसा भाग हातकसबाचा असतो. विद्यार्थी प्रथम चिकटपट्टीने पापुद्रे काढतो व चकतीवर दाबतो. मग सूक्ष्मदर्शकाखाली तास न् तास शोध चालतो. शेकडो जाड, वेडेवाकडे तुकडे ओलांडल्यावर एखादा योग्य तुकडा सापडतो. तोही केसाच्या जाडीएवढाच रुंद असतो. एवढासा तुकडा चिमट्याने उचलण्याचा प्रश्नच नाही. त्यासाठी काचेच्या पट्टीवर रबरासारख्या पारदर्शक पदार्थाचा एक उंचवटा तयार करतात आणि त्यावर प्लॅस्टिकचा अतिशय पातळ पडदा ताणून बसवतात. हा पडदा ठरावीक तापमानाला चिकट होतो आणि अधिक तापवला की वितळून सुटतो. त्याने आधी बोरॉन नायट्राइडचा तुकडा उचलायचा, मग त्या तुकड्याला चिकटवून ग्राफीन उचलायचे, मग खालचा बोरॉन नायट्राइड. हे सर्व सूक्ष्मदर्शकात पाहत, स्क्रू हळूहळू फिरवत करायचे असते. घाई झाली की दोन थरांमध्ये हवेचे फुगे अडकतात आणि पुरीसारखा फुगवटा येतो. मग तो तुकडा टाकून पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. सर्व जुळून आले, सोन्याच्या सूक्ष्म तारा जोडल्या आणि त्यानंतर अंगावरील स्थिर विजेची एक ठिणगी बोटातून तिकडे गेली, तरी आठवड्यांचे काम क्षणात जळून जाते. म्हणून असे उपकरण हाताळताना मनगटाला जमिनीशी जोडलेला पट्टा बांधतात.

थर नुसते एकावर एक ठेवणे हे झाले पहिले पाऊल. ते एकमेकांच्या तुलनेत किती फिरवून ठेवले आहेत, हा पुढचा आणि अधिक नाजूक प्रश्न आहे. तो समजून घेण्यासाठी एक प्रयोग घरीच करून पाहा. खिडकीला लावतात त्या बारीक जाळीचे दोन तुकडे घ्या. पीठ चाळण्याच्या दोन सारख्या चाळण्याही चालतील. एकावर एक ठेवून उजेडासमोर धरा आणि वरची जाळी अगदी हळू फिरवा. जाळीच्या मूळ छिद्रांहून कितीतरी मोठी अशी उजेड-अंधाराची नवी नक्षी उमटलेली दिसेल. जसजसा कोन लहान कराल, तसतशी ही नक्षी मोठी होत जाईल. जाळीची घरे एक मिलिमीटरची असतील, तर पाच अंशांच्या कोनाला नक्षीचे घर सुमारे सव्वा सेंटीमीटरहून थोडे लहान येते, दोन अंशांना सुमारे तीन सेंटीमीटर आणि १.१ अंशाला पाच सेंटीमीटरहून थोडे मोठे. या नक्षीला मोअरे म्हणतात. हा शब्द मुळात पाण्याच्या लहरींसारखी झाक असलेल्या रेशमी कापडाचा आहे.

ग्राफीनचे दोन थर असेच किंचित फिरवून ठेवले, तर त्यांच्या षटकोनी जाळ्यांमुळेही मोअरे नक्षी तयार होते. १.१ अंशाच्या कोनाला तिचे एक घर सुमारे १३ नॅनोमीटर रुंद असते आणि त्यात सुमारे अकरा हजार अणू सामावतात. इलेक्ट्रॉनांच्या दृष्टीने ही नक्षी भासापुरती राहत नाही. उंचसखल जमिनीवरून वाहणाऱ्या पाण्याप्रमाणे त्यांचा प्रवास तिच्यामुळे बदलतो. २०११ मध्ये अमेरिकेतील टेक्सास येथे राफी बिस्ट्रिट्झर आणि ॲलन मॅकडोनाल्ड यांनी गणिताने दाखवले, की सुमारे १.१ अंशाच्या कोनाला ग्राफीनमधील इलेक्ट्रॉनांचा वेग जवळजवळ नाहीसा व्हावा. वेगाने जाणारी माणसे एकमेकांकडे पाहत नाहीत. गर्दीत रखडली, की त्यांना एकमेकांची दखल घ्यावी लागते. रखडलेले इलेक्ट्रॉन एकमेकांवर असाच प्रभाव पाडू लागतील आणि काहीतरी नवे घडेल, अशी अपेक्षा होती. या कोनाला 'जादूचा कोन' असे नाव पडले. नाव थोडे बाजारी आहे, पण रूढ झाले आहे.

कागदावर १.१ अंश लिहिणे सोपे आहे. घड्याळाचा तासकाटा दोन मिनिटांत एक अंश सरकतो. तेवढाच कोन, तोही केसाच्या जाडीएवढ्या तुकड्यात, साधायचा कसा? दोन वेगवेगळे पापुद्रे घेतले, तर प्रत्येकाची जाळी मुळात कोणत्या दिशेला आहे हेच नक्की कळत नाही. यावरची युक्ती २०१६ मध्ये ऑस्टिन येथील टेक्सास विद्यापीठात इमॅन्युएल टुटुक यांच्या गटाने प्रसिद्ध केली. क्युंगह्वान किम हा त्या निबंधाचा पहिला लेखक. युक्ती अशी, की दोन पापुद्रे घ्यायचेच नाहीत. एकच मोठा पापुद्रा घ्यायचा, वरून बोरॉन नायट्राइड त्याच्या अर्ध्याच भागावर टेकवायचा आणि उचलायचा. चिकटलेला अर्धा भाग फाटून वर येतो, उरलेला अर्धा खालीच राहतो. एकाच थानातून फाडलेल्या कापडाच्या दोन तुकड्यांत ताणा आणि बाणा एकाच दिशेला असतात. तसेच या दोन्ही अर्धांच्या जाळ्या तंतोतंत एका दिशेला असतात. आता खालचा तुकडा ठेवलेली बैठक हव्या त्या कोनातून फिरवायची आणि वरचा अर्धा भाग त्याच्यावर टेकवायचा. ही युक्ती वाचल्यावर ती आपल्याला का सुचली नाही असे वाटते. साऱ्या चांगल्या युक्त्यांचे असेच असते.

अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेत पाब्लो हारिल्यो-एरेरो यांच्या प्रयोगशाळेत युआन त्साओ हा चिनी विद्यार्थी पीएच.डी. करीत होता. त्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी याच मार्गाने जादूच्या कोनाची उपकरणे तयार केली. तापवले, की दोन थर पुन्हा सरळ होऊ पाहतात आणि साधलेला कोन निसटतो. म्हणून हवा असतो त्याहून किंचित अधिक कोन ठेवणे, उष्णता कमी देणे, अशा अनेक खटपटी या कामात कराव्या लागतात. ५ मार्च २०१८ रोजी या गटाचे दोन शोधनिबंध एकाच दिवशी प्रसिद्ध झाले आणि दोन्हींचा पहिला लेखक एकवीस वर्षांचा हा विद्यार्थी होता. पहिल्या निबंधात त्यांनी दाखवले, की वीज वाहायला हवी अशा स्थितीत हे ग्राफीन वीज अडवते. दुसऱ्यात दाखवले, की त्याच ग्राफीनमधील इलेक्ट्रॉनांची संख्या थोडी बदलली, तर ते अतिवाहक बनते, म्हणजे त्यातून विद्युतप्रवाह कोणत्याही रोधाविना वाहतो. हे घडते १.७ केल्विन तापमानाला, म्हणजे शून्याखाली २७१ अंश सेल्सिअसच्याही खाली. दोन्ही थर निव्वळ कार्बनचे. नवा अणू नाही, नवे मिश्रण नाही. बदल केला तो कोनाचा. ही अतिवाहकता नेमकी कोणत्या कारणाने येते, यावर शास्त्रज्ञांचे अद्याप एकमत झालेले नाही.

आपल्या देशातही हे काम चालते, आणि त्यासाठी फार दूर जावे लागत नाही. हावडा-मुंबई लोहमार्ग रायपुरातूनच जातो. गाडीत बसले, की नागपूर, भुसावळ करीत ती मुंबईला पोचते. त्या शहराच्या दक्षिण टोकाला, कुलाब्याच्या नेव्ही नगरात समुद्राकाठी टाटा मूलभूत संशोधन संस्था आहे. डॉ. होमी भाभा यांनी १९४५ मध्ये तिची स्थापना केली. तेथे प्रा. मंदार देशमुख यांचा गट पातळ पदार्थांवर संशोधन करतो. त्यांना २०१५ मध्ये भौतिक विज्ञानासाठी शांतिस्वरूप भटनागर पुरस्कार मिळाला.

या गटाच्या आरंभीच्या कामांपैकी एक मला विशेष आवडते, कारण त्यात ग्राफीन चक्क वाद्यासारखे वापरले आहे. विभोर सिंग व इतर विद्यार्थ्यांनी ग्राफीनची पट्टी दोन टोकांना धरून मध्ये अधांतरी ताणून ठेवली आणि विजेच्या साहाय्याने तिला कंप दिला. तार जितकी ताणलेली, तितका तिचा स्वर चढा, हे एकतारी वाजवणाऱ्यालाही ठाऊक असते. तापमान उतरवत नेताना त्या पट्टीच्या कंपनांची वारंवारता कशी बदलते हे त्यांनी मोजले, तिला धरून ठेवणाऱ्या धातूचे आकसणे हिशेबातून वेगळे काढले आणि ग्राफीन स्वतः किती आकसते वा प्रसरते ते शोधले. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेले त्यांचे उत्तर आपल्या रोजच्या अनुभवाच्या उलट आहे. लोखंडाचा रूळ उन्हात लांबतो. ग्राफीन मात्र तापले की आकसते. याचे कारण दोरीवर वाळत घातलेल्या लुगड्याकडे पाहून कळेल. वाऱ्याने ते वरखाली फडफडू लागले, की त्याची टोके एकमेकांजवळ ओढली जातात. उष्णतेने ग्राफीनचा एकेरी थरही असाच वरखाली लहरतो आणि त्याचा पसारा कमी होतो. ज्या लहरण्यामुळे हा थर टिकणारच नाही असे एके काळी वाटले होते, तेच लहरणे येथे मोजमापाचा विषय झाले.

२०१८ नंतर या गटातील प्रताप चंद्र अडक, सुभजित सिन्हा आदी विद्यार्थी फिरवलेल्या थरांकडे वळले. त्यांनी ग्राफीनच्या एकेरी थरांऐवजी दोन जोडथर घेतले आणि ते एकमेकांवर किंचित फिरवून ठेवले. या रचनेचा एक मोठा लाभ आहे. एकदा उपकरण तयार झाले, की कोन बदलता येत नाही. परंतु वरखालून विद्युतक्षेत्र लावून इलेक्ट्रॉनांना उपलब्ध असलेल्या ऊर्जापट्ट्यांची रुंदी आणि त्यांच्यातील अंतरे बाहेरूनच कमीजास्त करता येतात. नळाची तोटी फिरवावी तसे हे नियंत्रण असते. या कामाचे निबंध २०२० मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांवरही तानिगुची आणि वातानाबे यांची नावे आहेत, कारण गादी त्यांचीच होती.

या साऱ्याचा उपयोग काय, असे विचारणारा वाचक व्यवहारी असतो व त्याचा प्रश्न रास्त असतो. ग्राफीनचा शोध लागल्यावर वर्तमानपत्रांनी फार मोठी स्वप्ने रंगवली. दुमडता येणारे दूरध्वनी, क्षणात भरणाऱ्या विद्युतघटांच्या माळा, सिलिकॉनचा अंत. वीस वर्षांहून अधिक काळ लोटला, तरी आपल्या खिशातील दूरध्वनीचा मेंदू सिलिकॉनचाच आहे. चिकटपट्टीने काढलेला पापुद्रा प्रयोगाला उत्तम असतो, पण कारखान्यात लाखो सारखे नग काढायचे तर त्या पद्धतीचा उपयोग नाही. फिरवलेल्या थरांच्या बाबतीत अडचण याहून मोठी आहे. एकाच विद्यार्थ्याने, एकाच आठवड्यात, त्याच कोनाचा नेम धरून केलेली दोन उपकरणे तंतोतंत सारखी निघत नाहीत. एकाच तुकड्यातही कोन जागोजागी थोडा बदललेला असतो. पीएच.डी.ची पाच-सहा वर्षे हाती असलेल्या तरुणाच्या दृष्टीने ही किरकोळ बाब नाही. अनेक महिन्यांच्या कामातून मोजण्यालायक उपकरणे थोडीच हाती येतात, आणि त्यांवर त्याचा प्रबंध उभा राहायचा असतो. शोधनिबंधात जे छापले जाते त्यात फुगे आलेले, फाटलेले, ठिणगीने जळालेले तुकडे दिसत नाहीत. संख्येने मात्र तेच अधिक असतात.

कुलाब्याच्या याच प्रयोगशाळेतील आणखी एक काम सांगण्याजोगे आहे. बिस्मथ, स्ट्रॉन्शियम, कॅल्शियम, तांबे आणि ऑक्सिजन यांचा एक काळा, ठिसूळ स्फटिक असतो. तोही थरांचा बनलेला आहे आणि चिकटपट्टीने त्याचे पापुद्रे निघतात. इतर बहुतेक अतिवाहकांच्या तुलनेत तो बऱ्याच अधिक तापमानाला अतिवाहक असतो. अडचण अशी, की नुकताच सोललेला त्याचा पृष्ठभाग फार लवकर बिघडतो. म्हणून दोन तुकडे एकमेकांवर फिरवून ठेवायचे काम झटपट उरकावे लागते. ग्राफीनच्या कामातील धीमेपणा येथे चालत नाही. सनत घोष आणि त्याच्या सहकाऱ्यांनी असे फिरवलेले सांधे तयार केले. हे तुकडे एका अणूइतके पातळ नव्हते, पण सोलणे, उचलणे, फिरवणे आणि टेकवणे हे कसब तेच होते. या सांध्यातून एका दिशेला जितका प्रवाह रोधाविना जाऊ शकतो, तितका उलट दिशेला जात नाही, असे त्यांना आढळले. अगदी क्षीण चुंबकीय क्षेत्र लावले तरी हा परिणाम दिसतो, आणि दोन तुकड्यांतील कोन ४५ अंश असताना तो सर्वाधिक असतो. रेडिओ दुरुस्त करणाऱ्यांच्या परिचयाचा डायोड प्रवाहाला एकाच दिशेने जाऊ देतो. हा त्याचाच अतिवाहक भाऊ म्हणायचा.

अतिवाहक डायोड याआधीही केले गेले होते, पण त्यांना ४ केल्विनच्या आसपासची थंडी लागे आणि तेवढी थंडी निर्माण करायला महागडा द्रव हेलियम लागतो. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मुंबईच्या या कामातील सांधा ७७ केल्विनपर्यंत, म्हणजे उणे १९६ अंश सेल्सिअसपर्यंत चालला. हे द्रव नायट्रोजनचे तापमान आहे. द्रव नायट्रोजन तुम्ही कदाचित पाहिलाही असेल. गुरांच्या कृत्रिम रेतनासाठी लागणारे वीर्य जपून ठेवायला पशुवैद्यकीय केंद्रात दुहेरी भिंतीची पिंपे असतात. झाकण उघडले, की त्यातून पांढरा धूर काठावरून खाली ओघळतो. त्या पिंपात असतो तो हाच.